वासरू कोणाच्या वाटणीचं?

चपला अजून काढू नका. उंबऱ्याशीच थांबा, आतल्या उजेडाला डोळे सरावू द्या.

साल अंदाजे इसवी सन ३०. अर्थात इथे कोणाला हा आकडा ठाऊक नाही. इथे वर्षं मोजतात ती कैसराच्या कारकिर्दीवरून, आणि सध्या रोमच्या गादीवर तिबिर्य आहे. गावाचं नाव विचारू नका. ही हकिगत शुभवर्तमानकारांपैकी एकट्या लूकनं लिहून ठेवली आणि त्यानं गाव सांगितलेलं नाही. त्याच्या क्रमानं पाहिलं तर येशू आणि त्याची मंडळी यरुशलेमच्या वाटेवर आहेत, एवढंच कळतं. तेव्हा गाव आणि अंगण मी निवडलंय. तुम्हाला ते फार परकं वाटणार नाही. दगडमातीच्या भिंती, वर सपाट धाबं, ते चोपून घट्ट करायचा दगडी रूळ, कोपऱ्यात जातं. सोलापूर-नगरकडच्या धाब्याच्या घरात वाढलेला माणूस इथे डोळे मिटून वावरेल. वास तेवढा निराळा: दिव्यात ऑलिव्हचं तेल जळतंय, आणि जवाची भाकरी मातीच्या भट्टीत आतून थापून भाजली जातेय.

आत जेवायला बसलेत ते जकातदार. सज्जनांच्या घरी यांना कोणी बोलावत नाही. वसुलीचा मक्ता घ्यायचा, मक्त्याची रक्कम वर भरायची, आणि मग नाक्यावर बसून ती लोकांच्या गाढवांवरून, टोपल्यांवरून, मासळीवरून काढायची, हा त्यांचा धंदा. मक्त्यावर किती जास्त काढलं हे विचारणारं कोणी नाही. यहुदी नियमांचा जो संग्रह पुढे सन २०० च्या सुमारास 'मिश्ना' म्हणून सिद्ध झाला, त्यात एक बारीक तरतूद आहे: जकातदाराच्या पेटीतून नाणं मोडून घेऊ नये, आणि त्या पेटीतला दानधर्मही स्वीकारू नये. म्हणजे यांचे सुट्टे पैसेसुद्धा नकोत. आणि त्यांच्या ताटात हात घालून भाकरी मोडणारा तो जो माणूस दिसतोय, गालीलच्या हेलात बोलणारा, तोच येशू. त्याला लोक रब्बी, म्हणजे गुरू, म्हणतात.

तुमच्या शेजारी उंबऱ्याबाहेर उभे आहेत ते परूशी, आणि त्यांच्यात एक पिकल्या दाढीचे शास्त्री. यांच्याविषयी आधीच काही मनात धरून आला असाल तर ते खाली ठेवा. पुढच्या दोन हजार वर्षांत प्रवचनकारांनी या लोकांना ढोंगी म्हणून इतकं रंगवलं की परूशी हा शब्दच शिवी होऊन बसला. खरं तर ही नेमानं वागणारी धर्मनिष्ठ माणसं. मंदिरात याजकांनी पाळायचं पावित्र्य आपल्या घरच्या ताटापर्यंत आणायचं, हा त्यांचा ध्यास. जे ताट त्यांनी एवढं जपलं, ते हा रब्बी कोणाहीसमोर सरकवतो. म्हणून कुरकुर चाललीय. कान देऊन ऐका: तक्रार प्रवचनाची नाही, पंगतीची आहे. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला पंगत या शब्दाचं वजन वेगळं समजावायला नको.

आतल्या माणसानं कुरकुर ऐकलीय. तो वाद घालत नाही, गोष्टी सांगायला लागतो. मराठी ख्रिस्ती लोक अशा गोष्टीला 'दाखला' म्हणतात. शाळा सोडल्याचा असतो तोच शब्द. ग्रीकमधला 'पॅराबोले' म्हणजे शेजारी ठेवलेली वस्तू. मला आपला शब्द उजवा वाटतो. दाखल्यावर माणसाचं नाव असतं, आणि तो कोणीतरी मागतोच.

पहिल्या दोन गोष्टी भरभर होतात. शंभरांतलं एक मेंढरू हरवतं, सापडतं. दहांतलं एक नाणं हरवतं, सापडतं. नाण्यासाठी दिवा लावून घर झाडणारी आणि ते सापडल्यावर शेजारणींना गोळा करणारी बाई ऐकून जात्यापाशी बसलेल्या बायका हसतात. त्या नाण्याचं मोल त्याच संध्याकाळी खाण्यापिण्यात गेलं असणार, हे त्यांना बरोबर कळलंय. दोन्ही गोष्टींच्या शेवटी रब्बी पश्चात्तापाचं नाव काढतो. शास्त्रीबुवांच्या भुवया वर जातात. मेंढरू कसला पश्चात्ताप करणार? आणि नाणं? शंका रास्त आहे. ती मनात राहू द्या.

तिसरी गोष्ट एका बापाची आणि त्याच्या दोन मुलग्यांची. धाकटा बापाला म्हणतो, माझी वाटणी मला आताच द्या.

आता गोष्ट सांगणाऱ्याकडे पाहू नका, ऐकणाऱ्यांकडे पाहा. एका म्हाताऱ्याचा भाकरीचा हात तोंडापाशी थांबलाय. वाटणी बापाच्या डोळ्यांदेखत होते हे तुम्ही आम्ही तहसील कचेरीत पाहिलेलं आहे, पण ती मागण्यात काय असतं हे इथेही सगळ्यांना कळतं: तुम्ही जगताय त्याची मला अडचण होतेय. मोशेच्या नियमाप्रमाणे थोरल्याला दुप्पट हिस्सा, म्हणजे दोन मुलग्यांत धाकट्याचा एक तृतीयांश. शहाण्यासुरत्यांचा सल्लाही ठरलेला होता. या संध्याकाळच्या दोनेकशे वर्षं आधी बेन सिरा नावाचा यरुशलेमचा पंडित बजावून गेला होता की हयातीत आपलं कोणाच्या हाती देऊ नका, पोटच्या पोराच्याही नाही. गोष्टीतला बाप एक शब्द न बोलता वाटणी करतो. आणि दोघांनाही देतो, हे लक्षात ठेवा. नुसतं धाकट्याला नाही.

लूक इथे मालमत्तेसाठी 'बिओस' हा ग्रीक शब्द वापरतो. त्याचा अर्थ जगणं. बापानं आपलं जगणं दोघांत वाटलं. पुष्कळ अनुवादकांना इथे एक अर्थ निवडून दुसरा सोडावा लागतो. आपल्याकडे जुन्या दस्तऐवजांत 'जिनगी' म्हणजे मालमत्ता, आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडी जिनगी म्हणजे आयुष्य. शब्द आयता हाताशी आहे.

धाकटा सगळं विकून रोख करतो. हे कसं केलं असेल, असा प्रश्न शेजारचे शास्त्रीबुवा हळूच त्यांच्या सोबत्याला विचारतात, आणि प्रश्न कायद्याचा आहे. पुढे मिश्नेत नोंदला गेलेला नियम असा, की बापानं हयातीत मुलाच्या नावे केलेली जमीन मुलानं विकली तरी घेणाऱ्याला बाप मरेपर्यंत तिला हात लावता येत नाही. असला व्यवहार करायचा तर पडत्या भावानं, घाईत, गावात तोंड चुकवत करावा लागणार. वडिलोपार्जित जमीन विकून बसणाऱ्याचं गाव काय करायचं, तेही सांगतो. यरुशलेमी तालमूद या नंतरच्या ग्रंथात आठवण नोंदलेली आहे: नातलग मडक्यांत भाजलेलं धान्य आणि अक्रोड भरून ती पोरांसमोर फोडत. पोरं खाऊ वेचत आणि ओरडत, अमका आपल्या वतनातून तुटला! पोरांच्या तोंडून जाहीर केलेली गोष्ट गाव विसरत नाही.

मडकं फुटताना तुम्ही दचकलात ना? दचकणारच. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात जवळपास हाच विधी आहे. पतिताचे नातलग अशुभ दिवशी संध्याकाळी गावाबाहेर जमतात आणि दासी पाण्याचा घट पायानं लवंडते. मेलेल्याला द्यावं तसं ते पाणी. धर्मशास्त्रात घटस्फोट हा शब्द आधी या बहिष्काराचा होता, नवरा-बायकोच्या फारकतीला तो पुष्कळ नंतर चिकटला. या दोन रीतींचा एकमेकींशी संबंध दिसत नाही, तरी माणूस तोडायचा तर दोघांनाही फोडायला मडकंच सापडलं.

गोष्ट पुढे सरकलीय. पोरगं परमुलखात आहे. कोणत्या, ते रब्बी सांगत नाही, पण ऐकणाऱ्यांच्या माना आपोआप पूर्वेकडे वळतात. यार्देनेपलीकडे दकापलीस, ग्रीक वळणाच्या दहा शहरांचा मुलूख. तिथे नाटकगृहं आहेत, स्नानगृहं आहेत आणि डुकरं पाळतात. पैसा उडाला, दुष्काळ पडला, आणि पोरगं डुकरं राखायला लागलं. 'डुकरं' म्हणताच जात्यापाशी कोणीतरी थुंकतं. भुकेनं ते डुकरांपुढच्या शेंगांकडे बघतंय. या कॅरोबच्या शेंगा, काळपट, जाड, चावल्या तर गोडसर. वाईट वर्षी गरिबांनीही खाल्लेल्या. सोनाराकडचा कॅरट या शेंगेच्या ग्रीक नावातून आला. एकेकाळी बापाच्या जिनगीचं मोल रोखीत करून घेणाऱ्याला आता ती शेंगही कोणी देत नाही.

इथे एका भुकेल्या माणसाच्या डोक्यात काय चाललंय ते रब्बी उघडं करून दाखवतो. बापाच्या घरी रोजंदारी गड्यांनासुद्धा पोटभर मिळतं, आणि मी इथे मरतोय. मग तो मनातल्या मनात भाषण रचतो. तीन वाक्यांचं: चुकलो; मुलगा म्हणवून घ्यायला लायक नाही; रोजंदारीवर ठेवा.

मला विचाराल तर याला पश्चात्ताप म्हणायला मी तयार नाही. हा हिशोब आहे. बापाला काय दुखलं याचा एक शब्द त्यात नाही, भाकरीचा आहे. आपला पश्चात्ताप हा शब्द मागाहून होणारा ताप मागतो, आणि तो ताप इथे दिसत नाही. लूकच्या ग्रीकमधला 'मेटानोइआ' मन बदलायला सांगतो, तेही बदललंय की नुसतं भुकेलंय, कोण सांगणार. पण आत बसलेला माणूस ज्या परंपरेत वाढला, तिथला शब्द आहे 'तेशुवा', आणि त्याचा धातू परतणं, माघारी वळणं. त्याला पाय पुरतात. शेजारी उभे असलेले शास्त्रीबुवाही हेच शिकवतात. दार परतणाऱ्याला उघडं असतं, हा त्यांचाही धर्म. पुढे काय होईल हे त्यांना वाटतं तसंच झालं असतं तर त्यांनी मान डोलावली असती: पोरगं वेशीवर आलं, बापानं वाट बघायला लावली, गुडघे टेकवले, काही वर्षं राबवून घेतलं, मग हळूहळू आत घेतलं.

तसं होत नाही. पोरगं अजून लांब आहे, आणि म्हातारा पळत सुटतो.

अंगणात खसखस पिकते, आणि ती हसू कमी, ओशाळेपणा जास्त अशी. या मुलखात जमीनजुमला असलेला वयस्क माणूस पळत नाही. पळायचं तर झग्याचा घोळ वर धरावा लागतो, पिंढऱ्या दिसतात. केनेथ बेली नावाच्या अभ्यासकाची हयात पश्चिम आशियातल्या देशांत शिकवण्यात गेली. त्यांचं म्हणणं, बाप पळाला कारण त्याला गावाच्या आधी पोहोचायचं होतं. पोरगं गल्लीत शिरलं असतं तर मडकं आधी फुटलं असतं. हे लूकनं लिहिलेलं नाही, पण मला ते पटतं. गावानं ज्याला बघून हसायचं होतं तो बाजूला राहिला, आणि गाव हसतंय ते म्हाताऱ्याच्या उघड्या पिंढऱ्यांना.

मिठी मारून झाली, मुके घेऊन झाले, मग पोरगं भाषण सुरू करतं. पहिलं वाक्य होतं. दुसरं होतं. तिसरं, रोजंदारीचं, होतच नाही. बाप तोवर गड्यांकडे वळून हुकूम सोडतोय: सगळ्यात चांगला झगा आणा. बोटात अंगठी घाला; अंगठी म्हणजे दागिना कमी आणि शिक्का जास्त, ती ज्याच्या हाती त्याचं मोर्तब चालतं. पायात चपला घाला, कारण अनवाणी असतो तो गुलाम. आणि दाणा चारून पोसलेलं ते वासरू कापा. एवढं वासरू एका घरात संपत नाही, म्हणजे गाव जेवायला येणार. ज्या गावासमोर मडकं फुटायचं, त्याच गावाची पंगत.

कारण काय देतो बाप? हा मेला होता, जिवंत झालाय. भावनेच्या भरातलं बोलणं वाटतं, पण घट लवंडणाऱ्या दासीला आठवा. तुटलेला माणूस समाजाच्या लेखी मेलेलाच असतो. त्याला जिवंत करायची रीतही सगळीकडे असते. मनूनं सांगितलीय ती अशी: प्रायश्चित्त झाल्यावर नातलगांनी त्याच्यासोबत पवित्र पाण्यात स्नान करायचं, पाण्यानं भरलेला नवा घट त्यात टाकायचा. १६७६ साली नेताजी पालकर धर्मांतरानंतर मोगलांकडून परत आले, तेव्हा प्रायश्चित्त आधी झालं आणि मग त्यांना जातीत घेतलं. क्रम तोच असतो, आधी शुद्धी, मग पान मांडायचं. या अंगणात ऐकणाऱ्यांना खटकतंय ते हे की म्हाताऱ्यानं क्रम उलटा केला. पान मांडून झालं, आणि शुद्धीचं वाक्य पोराच्या तोंडात अर्धंच राहिलं.

आणखी एक सांगू? मी ही गोष्ट कितीदा वाचली असेल, तरी हे फार उशिरा लक्षात आलं: तिच्यात 'क्षमा' हा शब्द नाही. बाप एकदाही म्हणत नाही की जा, माफ केलं. आधीच्या दोन गोष्टींच्या शेवटी आलेला पश्चात्तापही इथे गायब आहे. आईही नाही, पण ते वेगळं. जात्यापाशी बसलेली एकजण शेजारणीला नक्की तेच विचारतेय.

आता थोरला. आतले जकातदार डोळे पुसतायत, त्यांना वाटतंय गोष्ट संपली. रब्बीची नजर मात्र त्यांच्यावरून उचलून दाराकडे आलीय, तुम्ही उभे आहात तिथे.

थोरला शेतात होता. घराजवळ येतो तर वाजंत्री, नाच. स्वतःच्या घरात काय चाललंय हे त्याला एका पोऱ्याला विचारावं लागतं, यातच सगळं आलं. ऐकल्यावर तो आत जात नाही. मग म्हातारा बाहेर येतो. त्याच दिवशी दुसऱ्यांदा घराबाहेर. पहिल्यांदा पळत, आता पाहुणे सोडून. थोरला बोलतो ते सगळं साठलेलं. इतकी वर्षं गुलामासारखा राबलो. कधी आज्ञा मोडली नाही. मित्रांसोबत खायला साधं करडूही दिलं नाहीत. आणि हा तुमचा मुलगा बायकांवर जिनगी उधळून आला, तर याच्यासाठी वासरू! बायकांचं रब्बीनं आधी काही सांगितलं नव्हतं. ते थोरल्यानं आपल्या पदरचं घातलंय. भाऊ हा शब्द तो वापरत नाही.

पण हिशोब त्याचाच बरोबर आहे. वाटणी दोघांत झाली होती, आठवतं? धाकट्यानं आपला तिसरा हिस्सा विकून खाल्ला. जे उरलं ते थोरल्याच्या नावचं. बापाचा उपभोग हयातीपुरता. म्हणजे आत जे शिजतंय ते वासरू थोरल्याच्या वाटणीचं आहे. झगा घरातला, म्हणजे उद्या त्याचाच. अंगठीचा शिक्का उमटेल तो त्याच्या मालावर. बापानं दिलदारी केली ती थोरल्याला न विचारता, त्याच्या खिशातून. प्रवचनांत थोरल्याला कोत्या मनाचा म्हणून मोकळं होतात, हे मला कधी पटलं नाही. कोणाला परत घरात घ्यायचं म्हणजे कोणाच्या तरी वाट्याचं कमी होतं, आणि ज्याचं कमी होतं तो बहुधा चुकलेला नसतो. ही गोष्ट ते लपवत नाही. म्हणूनच ती मला खरी वाटते.

बाप त्याचा हिशोब चुकीचा आहे असं म्हणत नाही. उलट कबूल करतो: माझं आहे ते सगळं तुझंच. धाकट्याला पाहून पळणारा हा बाप थोरल्याला 'बाळा' म्हणतो. लूकनं इथे मुलासाठी नेहमीचा शब्द न वापरता लेकरासाठीचा वापरलाय. फक्त एका ठिकाणी तो थोरल्याचे शब्द उलटवतो. 'हा तुमचा मुलगा' नव्हे, हा तुझा भाऊ.

आणि रब्बी थांबतो.

तुम्ही पुढच्या वाक्याची वाट बघताय. जात्यापाशीही कोणी हलत नाही. थोरला आत गेला का? रब्बी भाकरीचा तुकडा मोडतो, शेजारच्या जकातदारापुढे धरतो, आणि हात तसाच ठेवून दाराकडे बघत राहतो. गोष्ट इथवरच आहे. लूकनंही पुढे एक ओळ लिहिलेली नाही.

भट्टीतून शेवटच्या भाकऱ्या निघतायत. घरातलं एक पोरगं पाय धुवायला पाण्याचं भांडं घेऊन दाराशी येतं. आधी शास्त्रीबुवांपुढे उभं राहतं. ते खाली वाकलेत, हात चपलेच्या पट्ट्यावर आहे. अंधारात नीट दिसत नाही, ते गाठ सोडतायत की आवळतायत. पोरगं थोडं थांबतं, मग भांडं तुमच्याकडे वळवतं.